तबकडी आणि नोंदवही

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात आलो, तो संगणक सुरू होईना. आतून घड्याळासारखी टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संगणकाचे काम जाणतो. त्याने कान लावून ऐकले आणि म्हणाला, "फादर, हार्ड डिस्क गेली." 'गेली' हा शब्द आम्ही आजवर इतक्या घरांच्या उंबरठ्यावर ऐकला आहे की त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

त्या डिस्कमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांची नामसूची. दुसरी, आमच्या वृद्धांचे ध्वनिमुद्रित आवाज. अंबरनाथ पश्चिमेला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना यांच्या आधाराने नाना प्रांतांतून माणसे येऊन स्थिरावली. त्या पिढीतील काहींच्या आठवणी तरुणांनी मोठ्या हौसेने मुद्रित केल्या होत्या. या साऱ्याची दुसरी प्रत आहे, अशी आमची समजूत होती. ती होतीही, परंतु त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात! एकाच होडीत दोन टोपल्या ठेवल्या म्हणून होडी बुडाल्यावर एक टोपली वाचते असे थोडेच आहे?

मग आम्ही या यंत्राविषयी थोडे वाचन केले. हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून वाचनाची सुई केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर राखून तरंगत असते. धक्का लागला, वीज अचानक गेली किंवा नुसते वय झाले, तरी हा तोल बिघडू शकतो. कारखानदार आपल्या पत्रकात दहा ते पंधरा लाख तासांचे आयुष्य छापत. दहा लाख तास म्हणजे एकशे चौदा वर्षे! मात्र हा आकडा एका डिस्कचे वय सांगत नाही. तो हजारो डिस्कांमधून काढलेला सरासरीचा हिशेब असतो. त्या हिशेबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क बिघडू नये. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कांची नोंद तपासली, तेव्हा शंभरात दोन ते चार बिघडणे ही नेहमीचीच गोष्ट आढळली. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनीही आपली पाहणी प्रसिद्ध केली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी जे इशारे देते, त्यांतील प्रमुख चार इशाऱ्यांपैकी एकही न देता निम्म्याहून अधिक डिस्का निकामी झाल्या होत्या. "कल्पना नव्हती हो, फादर," असे शोकाकुल घरात म्हणतात, तसेच हे.

नव्या एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही. म्हणून धक्क्याचे भय कमी आणि वेग मोठा. तथापि तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते. झिजलेली एसएसडी वीज न देता कपाटात ठेवून दिली, तर तो भार हळूहळू ओसरतो. म्हणजे कामासाठी एसएसडी उत्तम; परंतु वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी तिच्यावर विसंबू नये.

खरे पाहता हे शहाणपण ख्रिस्तसभेला नवे नाही. पोर्तुगीज काळात लिस्बन आणि गोवा यांच्यातील महत्त्वाच्या पत्रांच्या दोन-तीन प्रती काढून त्या निरनिराळ्या गलबतांतून पाठवीत. कोणते जहाज बुडेल हे कोणी सांगावे? येशूसंघीय मिशनरीही आपली पत्रे अशीच पाठवीत. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मसंहितेने तर नोंदवह्यांची अधिकृत प्रत दरवर्षाअखेर बिशपांच्या कार्यालयात पाठवण्याची आज्ञाच दिली होती.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पुराने उल्हास नदीकाठच्या आपल्या वसाहतींनाही बुडवले. पाणी घरात शिरते तेव्हा ते मूळ कोणते आणि प्रत कोणती हे विचारीत नाही. दोन्ही एकाच कपाटात असतील तर दोन्ही जातात.

डिस्क गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी कुवेतमध्ये परिचारिका असलेल्या आमच्या एका मुलीला विवाहासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. नामसूची नव्हती, वर्षही नक्की ठाऊक नव्हते. दोन तास जाडजूड वह्या उलटल्यावर तिचे नाव सापडले. शाई थोडी फिकी झाली होती, तरी अक्षर स्पष्ट होते. दाखला गेला, लग्न झाले.

त्यानंतर एक गृहस्थ आले. त्यांच्या आईला आम्हीच काही महिन्यांपूर्वी मूठमाती दिली होती. "फादर, वर्षाच्या मिस्साला सगळे जमतील. तुमच्याकडे आईचा आवाज आहे ना? मुलांना ऐकवायचा होता." आम्ही खाली पाहिले. दुरुस्तीवाल्याने डिस्क परत केली होती. तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असा त्याचा निरोप होता. आम्ही तो निरोप तसाच सांगितला. ते काही बोलले नाहीत. जाताना "असू दे फादर" एवढेच म्हणाले. त्यांनी रागावायला हवे होते, असे आम्हांला अजून वाटते.

आता आम्ही तीन प्रती ठेवतो: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक कुलूपबंद स्वरूपात धर्मग्रामाबाहेर. विवाह आणि दृढीकरण यांची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे चढवावी लागते. म्हणून जुनी प्रत ठेवून भागत नाही, ती दर महिन्याला नवी करतो. शिवाय तीन महिन्यांनी एकदा प्रत उघडून, एखादे पान वाचून, एखादा आवाज ऐकून पाहतो. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

वाचकहो, आपल्या घरीही लग्नाची छायाचित्रे, आजीचा आवाज, नातवंडांची पहिली पावले एकाच मोबाईलमध्ये पडून असतील. या रविवारी मिस्साहून परतल्यावर तेवढी एक प्रत काढून दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे द्यावी. आम्हांला ते काम करायला एक रविवार उशीर झाला नव्हता, वर्षे उशीर झाला होता.