कूलर, बाबा आणि मी
नोकरी सोडून फ्रीलान्सिंग धरलं, तेव्हापासून बाबांशी बोलणं जवळपास बंदच. मे महिना, नागपूर, पारा ४५वर, अन् माझा कूलर नुसती चिकट हवा फेकत होता. शेवटी अकोल्याला फोन केलाच.

"आधी प्लग काढ, मगच पाण्यात हात घाल. अन् समोरची खिडकी उघडी आहे ना?"

छे! गारवा निसटू नये म्हणून मी सगळं बंद करून बसलेले. दमट हवा जाणार कुठून? क्षारांनी पांढरा पडलेला वाळाही बदलला.

संध्याकाळी बाबांचाच फोन. "सगळ्या ताट्या भिजतायत ना गं?"

एक कोरडी होती. वरच्या पाइपची भोकं बुजलेली. पिनेनं मोकळी करायची, एवढंच. मला माहीत होतं. तरी म्हटलं, "नाही ना बाबा, काय करू?"