एकनिष्ठ मित्राचं काय झालं

नांदेड,
21 सप्टेंबर 2025

चि. मुक्ता,

तुझं लातूरचं भाषण ऐकलं. तुझ्या आईने ते दोन तुकड्यांत पाठवलं, मधला भाग कुठे गेला देव जाणे. बोलतेस छान. आवाज थेट तुझ्या आजोबांसारखा, अण्णांसारखा लागतो, वाक्याच्या शेवटच्या शब्दावर वजन टाकायची खोडही त्यांचीच. कौतुक इथे संपलं, आता पुढचं नीट वाच.

आंतरराष्ट्रीय राजकारणात शेवटी ताकद तेवढी खरी, आणि त्याचा पुरावा हवा असेल तर सप्टेंबर 1948 चं हैदराबाद बघा, असं तू म्हणालीस. त्यावर पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कशावर वाजवल्या गं त्या टाळ्या? तुझ्या सिद्धान्तावर, की आपण बलवानाच्या बाजूला होतो या आनंदावर? तू टाळ्या ओसरेपर्यंत थांबलीस आणि पाणी पिऊन पुढे गेलीस. मी तिथेच अडकलो.

तू त्याला आधार म्हणून मॉर्गेन्थॉ सांगितलास, बलाढ्य अथेन्सपुढे पडलेल्या मेलोस बेटाची ग्रीक गोष्ट सांगितलीस. मॉर्गेन्थॉचं 'पॉलिटिक्स अमंग नेशन्स' 1948 लाच आलं, ही जुळणी तू पकडलीस ते आवडलं. पण लातुरात उभी राहून कासीम रझवीचं नाव घेतेस आणि हा माणूस लातुरातच वकिली करत होता हे सांगत नाहीस? समोर बसलेल्या मुलांना तो हैदराबादच्या कुठल्या महालातून उतरला असं वाटलं असेल. इथल्याच कोर्टात कज्जे चालवणारा माणूस 1946 मध्ये इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष होतो आणि दोन वर्षांत एका संस्थानाचं परराष्ट्रधोरण आपल्या हातात घेतो. ग्रीसला जायच्या आधी या गोष्टीपाशी जरा थांबायला हवं होतं.

आणि ग्रीसला जायचंच, तर पूर्ण जावं. अथेन्सचे दूत मेलोसला आले तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांनी त्यांना लोकांपुढे बोलू दिलं नाही, मूठभरांच्या बैठकीत बसवलं. थ्युसिडिडीजने हे सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. शेवटी बेट पडलं त्यात आतल्या फितुरीचाही हात होता, तेही तोच सांगतो. तुमचे प्राध्यापक मधला संवाद तेवढा शिकवतात, ही दोन टोकं सोडून देतात. का सोडतात? कारण त्यांच्या सिद्धान्तात राज्य म्हणजे बंद पेटी. आत कोण आहे, किती जण आहेत, त्यांना राजा हवा आहे की नको, हे विचारायचंच नाही. त्यांच्यातल्याच वॉल्ट्झने तर 1979 मध्ये ही पेटी पक्की खिळे ठोकून बंद केली. मला या लोकांचं हसू येतं, रागही येतो.

माझं म्हणणं असं की हैदराबाद ही बलवान आणि दुबळा यांची गोष्टच नव्हे. ती एका एकनिष्ठ मित्राची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात पैसा आणि माणसं दिली म्हणून 1918 मध्ये इंग्रजांनी निजामाला 'ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ मित्र' अशी पदवीच दिली. मग तीस वर्षांच्या आत पदवी देणारा इंग्रज मित्र बोटीत बसून निघून गेला.

खरं तर निजामाला असं वाऱ्यावर सोडायची ही पहिली वेळ नव्हती. 1795 आठव. खर्ड्याला मराठी फौजांसमोर निजाम अडकला, इंग्रजांकडे मदत मागितली, आणि गव्हर्नर जनरल सर जॉन शोरने तटस्थ राहायचं ठरवलं. निजाम हरला, चिडला आणि फ्रेंच रेमंडच्या पलटणींवर भिस्त ठेवू लागला. मग 1798 मध्ये वेलस्ली आला, त्याने तैनाती फौजेचा तह गळ्यात घातला आणि त्या फ्रेंच पलटणी मोडायला लावल्या. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. खर्च थकला म्हणून 1853 मध्ये वऱ्हाड गेलं, आणि 1902 मध्ये ते कायमच्या पट्ट्यावर कर्झनने लिहून घेतलं. म्हणून तर पैनगंगा ही आपल्या घरच्या गोष्टींत सरहद्द झाली. नदीच्या अल्याड निजाम, पल्याड इंग्रज.

(उदगीरबद्दल इथे बोलत नाही. 1760 च्या फेब्रुवारीत भाऊसाहेबांनी तिथे निजामाला नमवून साठ लाखांचा मुलूख घेतला आणि वर्षाच्या आत पानिपत झालं. सत्तेचा तोल शिकवायला लातूर जिल्ह्यातच एवढं पडलंय आणि तुम्ही व्हिएन्नाचा तह पाठ करता. असो.)

जून 1947 मध्ये निजामाने जाहीर केलं की इंग्रजांचं सार्वभौमत्व संपलं की आपण स्वतंत्र. कायद्याच्या अंगाने त्यात काही तथ्य नव्हतं असं नाही. सर वॉल्टर मॉन्क्टनसारखा वकील फुकटचा सल्ला द्यायला बसला नव्हता. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून जास्त लोक, स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे. युरोपातले कितीतरी देश याच्या खिशात बसले असते. पण ज्याच्या वाड्याचा राखणदार दीडशे वर्षं परक्याचा, त्याने राखणदार गेल्या रात्री आधी बघावं की दाराला आतून कडी तरी आहे का. निजामाने ते बघितलं नाही. तो नवा राखणदार शोधायला निघाला.

लंडनला विचारलं. पोर्तुगीजांकडून गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळतं का याची बोलणी झाली, कारण संस्थानाला समुद्रच नव्हता. कराचीहून सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री विमानातून शस्त्रं आणून बीदरला उतरवत होता. 29 नोव्हेंबर 1947 ला भारताशी 'जैसे थे' करार झाला होता, तो एकीकडे. 21 ऑगस्ट 1948 ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार गेली. 11 सप्टेंबरला जीना वारले. 13 ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली. सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये या विषयावर बसली ती 16 तारखेला, आणि 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच तक्रार मागे घेतली.

इथपर्यंत तुझा मॉर्गेन्थॉ खूश. रणगाडे आले, निकाल लागला. पण लेकरा, पाच दिवसांत कुठलं राज्य पडतं? जे आतून आधीच पडलेलं असतं ते. 7 ऑगस्ट 1947 ला हैदराबाद मुक्तीलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी भारतात सामील होण्याचा दिवस पाळायला सांगितला आणि गावोगावी लोक बाहेर पडले. 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. त्याच्याही आधी, ऑक्टोबर 1946 मध्ये, बिलोलीचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे अर्जापूरला मारले गेले होते. जानेवारी 1948 मध्ये उमरीची बँक लुटली गेली, लाखो रुपये लढ्यासाठी नेले. उमरखेडला लढ्याचा कॅम्प होता. अण्णा तिथे काय करत होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हे सगळे लोक कुठल्या सिद्धान्तात बसतात? राज्य आणि राज्य यांच्या हिशोबात त्यांना घरच नाही. निजामाचे मित्र लंडनला, कराचीला, लिस्बनला, पॅरिसला. नांदेडला, लातूरला, वारंगळला, रायचूरला नव्हते. जे होते ते रझवीने रझाकारांच्या, म्हणजे त्याच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, जोरावर धरून ठेवलेले, आणि धाकाने धरलेला मित्र मोजायचा नसतो.

तुला हे भाबडं वाटेल, माहीत आहे. मागे पुण्यात तू मला 'आदर्शवादी' म्हणाली होतीस आणि तुझे ते मित्र गालात हसले होते. मी रणगाडे नाकारत नाही. ते आले नसते तर उमरखेडच्या कॅम्पाने हैदराबाद घेतलं नसतं. मी इतकंच म्हणतो की ताकद ताकद म्हणताना ती कुणाच्या पाठीवर उभी आहे ते बघ. आज्ञापत्र वाच, रामचंद्रपंत अमात्यांचं. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे नुसते सावकार नव्हेत, पुढे राज्य करू पाहतील, ही सावधगिरी आपल्याकडे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून झाली होती. त्यात प्रजेबद्दल काय म्हटलंय तेही वाच. तुझ्या प्रबंधाच्या यादीत कौटिल्य आहे, अमात्य नाही. कौटिल्य दिल्लीला चालतो म्हणून का?

आता ज्या कारणाने पत्र लिहायला बसलो ते.

17 सप्टेंबरनंतर काय झालं? तू 17 ला थांबलीस. सगळे तिथेच थांबतात, झेंडावंदन करून घरी जातात. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांनी गावं जाळली, ते आपल्या घरात सांगितलं जायचं आणि खरं होतं. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं तेही खरं होतं, आणि ते सांगितलं जायचं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती 1948 च्या अखेरीस फिरली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडचं नाव लिहिलं. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार. अहवाल कितीतरी वर्षं कपाटात राहिला. त्याच अहवालात शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलेल्या हिंदूंच्याही नोंदी आहेत.

त्या दिवसांत हातात काठी घेऊन निघालेल्या माणसाने मॉर्गेन्थॉ वाचला नव्हता. पण त्याच्या डोक्यात तुझंच वाक्य होतं: आता ताकद आपली, आणि ताकद तेवढी खरी. म्हणून मला टाळ्यांची भीती वाटते. ती मुलं विशीतली आहेत. मोबाइलवर दिवसभर कुठल्या देशाने कुणाची कशी जिरवली हेच बघतात. त्यांना तू दिल्लीहून येऊन विद्येचा शिक्का मारून देतेस की हेच जगाचं शास्त्र आहे. शास्त्र सांगताना हात जपून वापरावा एवढं तरी तुम्हाला कुणी शिकवतं का?

भाषणाच्या शेवटी तू विचारलंस की अमेरिका मागे सरली तर जगाचं काय. प्रश्न चांगला होता, उत्तर गडबडीत उरकलंस. या महिन्याचंच बघ. कतारमध्ये अमेरिकेचा एवढा मोठा हवाई तळ, तरी 9 तारखेला इस्रायलने दोह्यावर बॉम्ब टाकले. आणि तू लातुरात बोलत होतीस त्याच 17 तारखेला सौदीने रियाधमध्ये पाकिस्तानशी संरक्षण करार केला. एकनिष्ठ मित्र पुन्हा नवा राखणदार शोधतायत. तुझ्या सिद्धान्ताने याला तोल साधणं म्हणावं. मला यात निजामच दिसतो, आणि प्रश्न तोच पडतो की त्यांच्या घरातली माणसं त्यांच्याबरोबर आहेत का.

आपल्यापर्यंत हे येत नाही असं समजू नकोस. या सप्टेंबर 2025 पर्यंत तरी चीनने अमेरिकेचं नवं सोयाबीन घेतलेलं नाही, ब्राझीलचं घेतलंय. आपल्याकडे मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, आणि लातूरच्या आडतीत त्याच्या खालीच बोली लागते. त्यात यंदा पीक पाण्यात उभं आहे, ऑगस्टमधल्या पुराने मुखेडकडे काय केलं ते तू वाचलंसच. तुझ्यासमोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी हाच हिशोब चालू असेल. सत्तेचा तोल ढळण्याचा धडा त्यांना आडतीच्या पावतीपासून शिकवता आला असता. अथेन्सपेक्षा लवकर कळला असता.

नांदेडला दिवाळीनंतर तुला बोलावणार आहेत असं ऐकलं. ये. 1795 पासून सुरू कर आणि 17 सप्टेंबरला थांबू नकोस. सुंदरलाल अहवाल येण्याआधी पुरता वाच. त्याची प्रत माझ्याकडे आहे, पोस्टाने पाठवतो. कुणी उठून गेलं तर जाऊ दे. आणि उत्तर कागदावर लिही, फोन करू नकोस. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि काही ऐकत नाहीस.

आईला म्हणावं, डोळे दाखवून घे.

तुझा,
बापूमामा

ता. क. निजामाच्या पैशाचं राहिलं. शरणागतीनंतर तीन दिवसांनी, 20 सप्टेंबर 1948 ला, निजाम सरकारचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले दहा लाखांहून थोडे जास्त पौंड पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर टाकले. निजामाने ते लगेच परत मागितले, बँकेने दिले नाहीत. 2 ऑक्टोबर 2019 ला लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला तोवर त्याचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ते भारत सरकार आणि निजामाचे वारस यांना मिळाले, पाकिस्तानला नाही.