उरलेली काडी

गालावरची जखम भरते, टाके निघतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी तिथेच गाठ येऊन पू वाहू लागतो. अँटिबायोटिक चालू असेतो सुकतं, कोर्स संपला की पुन्हा वाहतं. लहान मुलाच्या चेहऱ्यावर हे दिसलं की मी औषध बदलत बसत नाही. आत काहीतरी राहिलंय, असंच धरून चालते.

आमच्या भागात ते बहुधा लाकूड असतं. तूर कापून नेल्यावर शेतात तिरकी, टोकदार धसकटं उभी राहतात. पळणारं पोर त्यांवर तोंडघशी पडतं. पऱ्हाटी, बांबूची कामटी, खराट्याची काडीही तशीच. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण लाकूड एक्स-रेवर सहसा दिसतच नाही. धातू दिसतो, खडा दिसतो, अगदी बारीक नसेल तर काचही दिसते. सीटी स्कॅनमध्ये कोरडं लाकूड हवेसारखं काळं दिसतं, आणि ताज्या जखमेत हवा असतेच, म्हणून नजर फसते. त्या काळ्या डागाची कड सरळ असेल तर मी थांबते. हवा काडीच्या आकारात बसत नाही. पुढे लाकूड ओल धरतं आणि तो काळेपणाही जातो. वरवरच्या जखमेत सोनोग्राफी जास्त उपयोगी: पांढरी रेघ, तिच्यामागे सावली.

तीन वर्षांचं मूल कुठे दुखतं ते नीट सांगत नाही. त्याला आईच्या मांडीवर बसवून मी आधी चांगला गाल दाबते, मग दुखरा, कडेकडेने. एका विशिष्ट ठिकाणी ते माझं बोट झटकतं. दुसऱ्यांदाही तिथेच झटकलं, तर सोनोग्राफीचा प्रोब तिथे आधी ठेवायला सांगते.

दात तुटून ओठ फाटला असेल तर तुटलेला तुकडा सापडला का, हे विचारायलाच हवं. तो ओठात रुतलेला असू शकतो, श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त धास्ती मला पापणीवरच्या छोट्याशा छेदाची वाटते. डोळ्याच्या खोबणीचं छत मुलांमध्ये फार पातळ असतं; काडी त्यातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते, आणि बाहेर मात्र जेमतेम ओरखडा दिसतो.

म्हणून आईवडिलांना कळकळीची विनंती: रुतलेली काडी घरी ओढू नका, जखमेत हळद-कॉफी भरू नका. काडी निघालीच असेल तर तिचे तुकडे फेकू नका, दवाखान्यात घेऊन या. टोक मोडलंय का, हे ते तुकडे पाहूनच आम्हाला कळतं.