नानांचा गोबर गॅस आणि डेव्हनचा कचरा

शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग मिळणं म्हणजे गेल्या जन्मीचं पुण्य! ते मिळालं की आमच्या सौ. भाजी निवडायला दुकानात शिरतात आणि आम्ही पिशव्या धरून उभे. परवा मागच्या गल्लीत गाडी लावली, तर दुकानातला पोऱ्या सुकलेल्या मेथीच्या जुड्या, पिवळी पडलेली कोथिंबीर आणि मऊ झालेले आंबे खोक्यांमागून खोकी डंपस्टरमध्ये रिकामे करत होता. आम्ही बघतच राहिलो.

"अहो, कचऱ्यात काय बघताय? नारळ आत आहेत!"

आम्हाला नानांचा गोबर गॅस आठवत होता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे खादी ग्रामोद्योगच्या पद्धतीचा प्लँट होता. विटांची खोल विहीर, वर तरंगणारी लोखंडी टाकी. आई शेण-पाणी कालवून ओतायची, रात्रीतून टाकी वर यायची, सकाळी त्यावर चहा. दुसऱ्या बाजूनं स्लरी बाहेर पडे, ती नाना उसाला सोडत. २००३ साली आम्ही इथे एम.एस. करायला आलो आणि त्याच वर्षी टाकी गंजून फुटली. नानांनी फोनवर विचारलं, दुरुस्त करू का? आम्ही नवे विद्वान! सांगून टाकलं, "सिलिंडर घ्या, युरिया टाका. गॅसमधून कार्बन सगळा निघून जातो, स्लरीत उरतं काय?" नानांनी मुलाचं ऐकलं. प्लँट बुजवला. पुढे गुरंही कमी झाली.

गेल्या वर्षी माती तपासून आली. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. "पाणी दिलं की जमीन चिकटते, वाळली की दगड," एवढंच नाना म्हणाले. आम्हाला दोष दिला नाही. तेच जास्त लागलं.

मग उशिरा का होईना, अभ्यास केला. शेणातला जो भाग लवकर कुजतो, त्याचाच मुख्यतः गॅस होतो. तो भाग शेतात टाकला असता तरी थोड्या काळात हवेतच गेला असता. लिग्निनसारखा चिवट भाग स्लरीत राहतो आणि मातीत टिकतो तो तोच. नत्रही बहुतेक सगळा शिल्लक असतो. म्हणजे नाना फुकटात चहा करून घेत होते आणि जमिनीचं त्यात फारसं काही जात नव्हतं.

याहून टिकाऊ म्हणजे कोळसा. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी बनवली, तिला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतकरी एरवी काडी लावून मोकळा होतो, ते पाचट! ते बंद भांड्यात हवेविना तापवलं की गॅस निघून जळतो आणि मागे कोळसा उरतो. 'आरती'नं त्याच्या कांड्या केल्या त्या चुलीसाठी. पण असा कोळसा मातीत मिसळला, तर त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं कुजत नाही. एक किलो कार्बन जमिनीत राहिला म्हणजे सुमारे ३.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर. मात्र कोरा कोळसा सुरुवातीला पिकाच्या वाट्याचा नत्र धरून ठेवू शकतो, म्हणून तो आधी स्लरीत भिजवावा. पुन्हा स्लरीच!

आपल्या शिकागोतही शहराच्या दक्षिणेला, ऑबर्न ग्रेशममध्ये, 'ग्रीन एरा'चा प्रकल्प उभा राहिला आहे. अन्नाच्या कचऱ्याचा गॅस, उरलेल्या चोथ्याचं खत. पालिकेनंही ऑक्टोबर २०२३ पासून ओला कचरा आणून टाकायला ठिकठिकाणी डबे ठेवले. आता आमच्या घरची आंब्याची सालं तिकडे जातात. मुलं नाक धरतात.

रविवारी नानांना फोन केला. टाकीचे पैसे पाठवतो म्हटलं आणि २००३ चा सल्ला चुकला, हेही एकदाचं बोलून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"गुरं दोनच राहिलीत," नाना म्हणाले, "लहान टाकी बघू. यंदा पाचट जाळत नाही. डिसेंबरात येशील तेव्हा खड्डा मात्र तू उकरायचा."

आम्ही तिकिटं बघतो आहोत.