पऱ्याकाठची पाखाडी

मृगाच्या पहिल्या दणक्यानंतर देवरूखच्या आसपास रात्री बॅटऱ्या हलू लागतात. कुणाकडे पाग, कुणाकडे टोपली, कुणाकडे नुसतीच जुनी मच्छरदाणी. चढणीचे मासे आलेले असतात. गढूळ लोंढ्याच्या उलट पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात आणि शेतातून वरच्या बांधावर, अंडी घालायला निघालेले. त्या चार रात्री पऱ्याला गर्दी. मग सबंध वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही.

सप्तलिंगी नदी गावाच्या अंगानेच वाहते. पण एसटी स्टँड आणि बाजारपेठेत दिवस काढणाऱ्याला ती आठवायचं कारण उरलेलं नाही. पूर्वी पाण्याला, धुण्याला, गुरं पाजायला खाली उतरावंच लागे. त्यासाठी जांभ्याच्या पाखाड्या होत्या. घरात नळ आला आणि पायऱ्यांवर शेवाळ चढलं. नळ आला हे चांगलंच झालं. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईला नदीकाठच्या रम्यतेचं कौतुक सांगणारा बहुधा पुरुषच असतो. पण जाणं थांबलं तसं बघणंही थांबलं. कुणाच्या मोरीचं पाणी कुठे सोडलंय, लग्नानंतरच्या पत्रावळ्या कुठे ओतल्यात, हे कळायला तिथे कोणी असावं लागतं.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलात वाड्यांवर टँकर फिरतो. सह्याद्री आणि समुद्र यांत अंतर थोडं, उतार मोठा, वर जांभा सच्छिद्र. पाणी मुरतं तसंच झिरपून निघूनही जातं. म्हणून पाऊस सरला की गावोगाव श्रमदानाने वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत माती-वाळू, पऱ्याला आडव्या रचलेल्या. खर्च नगण्य. पाणी थांबलं की शेजारच्या विहिरींना आणखी काही आठवडे धीर मिळतो, काठावर भाजी होते.

नदीकडे माणसं येतात ती एरवी फार उशिरा. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. मग वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून तिथल्या लोकांनी साखळी उपोषण केलं, नाम फाउंडेशनही कामाला उतरलं. नदी घरात शिरल्यावर झालेली ती ओळख होती.

देवाची वाट मात्र कुणी मोडू देत नाही. मारळला धारेश्वराच्या प्रपाताशेजारून मार्लेश्वराच्या पायऱ्या चढताना दम लागतो, तरी संक्रांतीला मार्लेश्वर आणि गिरिजादेवीच्या लग्नाला रीघ लागते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचे म्हणून तिथले मोठाले मासे कोणी मारत नाही. येणारे त्यांना खाऊ घालतात. राखण व्हायला माशाचं देवत्व हवं होतंच, पण रोज डोहाशी येऊन त्याच्याकडे पाहणारे डोळेही हवे होते.

असे डोळे काठावर परत आणायचे तर वाट हवी. अमेरिकेत ट्राउटसाठी गावं ओढे दुरुस्त करतात आणि काठाने पायवाट काढतात. तो थंड पाण्याचा मासा. आपल्याकडे काश्मिरात आणि निलगिरीत तो इंग्रजांनी आणून सोडला. आपल्याला शिंगटी पुरे. आणि पायवाटेसाठी पाखाडी आहेच. दोन माणसं शेजारून जातील एवढीच रुंद, जांभ्याची, पावसाचं पाणी खाली जिरू देणारी. पऱ्या आडवा आला की साकव. करंज, उंबर, जांभूळ जिथे उभे आहेत तिथे वाटेने वळसा घ्यावा.

मला धास्ती आहे ती सुशोभीकरणाची. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर रंगीत फरशा, दिव्यांचे खांब, पुढाऱ्याच्या नावाची कमान. सोलमध्ये उन्नत रस्ता पाडून चॉन्गेचॉन हा सुमारे सहा किलोमीटरचा ओढा 2005 मध्ये पुन्हा वाहता केला, त्याचे फोटो अशा वेळी हटकून दाखवतात. त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणतात, हे फोटोत दिसत नाही. ते सोलला परवडतं.

पाखाडी झाली तर सकाळी डांबरी रस्त्यावर डंपर चुकवत चालणारे निवृत्त मास्तर तिच्यावर येतील. शाळेची पोरं येतील, गुडघे दुखणाऱ्या आजी नातवाचा हात धरून अर्ध्यापर्यंत येतील. बायकांना घराबाहेर बसायला, कुणाचं काही काम न करता बसायला, एक जागा होईल. हा फायदा कुठल्याही अंदाजपत्रकात धरत नाहीत. आणि वर्दळीच्या वाटेवर कचऱ्याची पिशवी भिरकावणं अवघड जातं.

हे सरकारनेच करावं असं देवरूखला तरी कुणी सांगू नये. इंदिराबाई हळबे यांनी 1954 मध्ये मातृमंदिर ही संस्था सुरू केली ती याच गावात.

खरी अडचण वाटेची नाही, वनराई बंधाऱ्यांची, आणि ती मे महिन्यात येईल. पावसाआधी बंधाऱ्याच्या गोण्या उपसून काढल्या नाहीत तर मासे वर चढणार कसे, आणि फाटक्या गोण्यांचं प्लास्टिक थेट खाडीत. घालायला सगळी वाडी येते, फोटो निघतात. काढायला कोणी जायचं, वरच्या वाडीने की खालच्या, यावर दर वर्षी भांडण होईल. खालची वाडी म्हणेल, पाणी तुम्ही वापरलंत. वरची म्हणेल, मासे तुम्हीच आधी धरता.