पाटी कोणाच्या नावावर?

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव ज्या गावाला दिले, ते राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवर आहे. भोगावतीवरचे धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे, दाजीपूरच्या जंगलातले गवे आणि मे अखेरीस झाडाझाडांवर लुकलुकणारे काजवे पाहण्यासाठी लोक येथे येतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात राधानगरीचे अभयारण्यही आहे. हाच रस्ता पुढे दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कोकणात जातो. त्यामुळे पावसाळ्यात अभयारण्य बंद असले, तरी रस्त्यावरची वर्दळ सरत नाही.

अशा रस्त्याला घरच्याच माणसांनी चालवलेल्या लहान हॉटेलांचा मोठा आधार असतो. आठ-दहा टेबले, गल्ल्यावर वडील, स्वयंपाकघरात आई आणि एक-दोन मदतनीस, सुट्टीला शहरातून येणारा मुलगा किंवा मुलगी. हंगामाच्या चार-दोन महिन्यांत जे मिळेल, त्यावर उरलेले वर्ष काढायचे. अशा घरात आज ना उद्या एक विषय निघतोच: हॉटेलाचे संकेतस्थळ करावे की नाही, आणि करावे तर कसे? मुलाला वाटते, जग मोबाइलवर आले, आपण मागे राहिलो. वडिलांना वाटते, रस्त्यावरची पाटी इतकी वर्षे गिऱ्हाईक आणते आहे, तर नवा खर्च कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच निर्णय घाईने होऊ नये.

आधी गिऱ्हाईक काय विचारते ते पाहावे. पूर्वी गाडी पाटीपाशी थांबत असे आणि प्रश्न तेथेच विचारले जात. आता ते कोल्हापुरात, निपाणीत किंवा बेळगावात घरी बसूनच विचारले जातात. चौदा माणसांची सोय होईल का? कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य करून जेवण मिळेल का? सूर्यास्तापूर्वी पाने वाढली जातील का? हा शेवटचा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मे अखेरीस सातच्या सुमारास. संध्याकाळची चूल किती वाजता पेटवायची, हे त्यावर ठरते. आपल्या समाजातील किती कुटुंबे केवळ याचे उत्तर न मिळाल्यामुळे डबे बांधून निघतात! उत्तर आधी मिळाले, तर तेच कुटुंब निश्चिंतपणे येते.

संकेतस्थळाने हॉटेलाला पत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शाहू महाराजांच्याच प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्यतेच्या रूढीमुळे तेथे कोणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः थांबून तेथला चहा घेऊ लागले. त्या कृतीचा अर्थ व्यापारापेक्षा फार मोठा होता. तरी व्यापाऱ्याने त्यातून एवढे नक्की घ्यावे की, ज्याने स्वतः चव घेतली त्याच्या शब्दाइतकी मोठी शिफारस नाही. पत चुलीपाशी आणि पंगतीत तयार होते. संकेतस्थळ ती फक्त दूरच्या माणसापर्यंत पोहोचवते.

आता मार्ग कोणते? पहिला फुकटचा. गूगलच्या नकाशावर हॉटेलाची नोंद करावी. वेळ, दूरध्वनी, छायाचित्रे द्यावीत. हे प्रत्येकाने करावेच, कारण प्रवासी प्रथम नकाशाच उघडतो. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. या नोंदीबरोबर गूगल पूर्वी छोटे संकेतस्थळही विनामूल्य देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. ज्यांनी तो पत्ता कार्डांवर आणि फलकांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली. फुकट मिळालेली जागा देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हा पेढीवरचा जुनाच धडा आहे.

दुसरा मार्ग भाड्याचा. विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवा महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे घेऊन तयार साचे देतात. चित्रे टाकावीत, मजकूर लिहावा, पान तयार. ज्याला तांत्रिक गोष्टींत शिरायचे नाही, त्याला हे सोयीचे. पण भाडे दरवर्षी द्यावे लागते, आणि सेवा सोडली तर तेथे रचलेली पाने जशीच्या तशी उचलून दुसरीकडे मांडता येत नाहीत. तिसरा मार्ग वर्डप्रेसचा. २००३ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. खर्च येतो तो साठवणुकीच्या जागेचा. आपली पाने एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतात, हा तिचा मोठा गुण. मात्र तिला जुन्या वाड्यासारखी डागडुजी लागते. सुधारित आवृत्त्या वेळेवर चढवल्या नाहीत, तर चोराला खिडकी उघडी सापडते. चौथा मार्ग म्हणजे जाणकाराला ठरावीक रक्कम देऊन काम करून घेणे. काम नीटनेटके होते, पण पुढच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच्याकडेच पाहावे लागते.

या चारांतून निवडताना खर्चाचे आकडे आधी मांडले जातात. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: नाव कोणाच्या नावावर आहे? संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, वर्षाला काही शे रुपयांत नोंदवता येते. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावेही मिळू लागली आहेत. घरोघर एकच गोष्ट घडते: काम करणारा ओळखीचा मुलगा सोय म्हणून हे नाव स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो. पुढे तो नोकरीनिमित्त दूर जातो, क्रमांक बदलतो, नूतनीकरणाची तारीख टळते आणि हॉटेलाचा पत्ता हातचा जातो. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण खरेदीखत दुसऱ्याच्या नावावर आणि दुकान आपले, असा व्यवहार कोणता व्यापारी करील? पाने भाड्याच्या जागेत असली तरी चालतील. नाव मात्र मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवरच नोंदलेले असावे. मग सेवा बदलली तरी पाटी तीच राहते. मजकुराची आणि छायाचित्रांची एक प्रतही घरात असावी.

दुसरा प्रश्न: थाळीचा दर वाढला, तर तो पानावर कोण बदलणार? भाजी कडाडते, सिलिंडर महागतो, फलकावरचा खडूचा आकडा पाच मिनिटांत बदलतो. पानावर मात्र मागच्या वर्षीचा दर तसाच राहतो. गिऱ्हाईक मोबाइल दाखवून विचारते, आणि गल्ल्यावरच्या माणसाला खजील व्हावे लागते. लिहिलेला दर हा दिलेला शब्द आहे. म्हणून जो गल्ल्यावर बसतो, त्याला स्वतः जी दुरुस्ती करता येईल, तोच मार्ग त्या घराला योग्य. वडिलांना जमत नसेल तर सुनेला, मुलीला शिकवावे. पण घरातल्या निदान दोघांना ते यावे. ज्या घरात असे कोणी नाही, त्या घराने महागडे संकेतस्थळ करूच नये. नकाशावरची नोंद आणि एक साधे पान पुरे.

साधे पान घाटातल्या हॉटेलाला अधिक उपयोगी, याचे आणखी एक कारण आहे. डोंगराआड मोबाइलची रेंज क्षीण होते. चलचित्रे, मोठमोठी छायाचित्रे किंवा पीडीएफमधले मेनूकार्ड अशा ठिकाणी उघडता उघडत नाही. पदार्थांची नावे आणि दर साध्या अक्षरांत, मराठीत लिहावेत. शेजारच्या जिल्ह्यांतून गिऱ्हाईक येते म्हणून कन्नड आणि इंग्रजीतही द्यावेत. वेळ, रस्त्याची खूण, वाहने उभी करण्याची सोय, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बोट लावताच फोन लागेल असा दूरध्वनी. आठ-दहा टेबलांच्या हॉटेलाला एवढे पुरते. टेबल राखून ठेवण्याची स्वयंचलित यंत्रणा किंवा ऑनलाइन पैसे घेण्याची वेगळी व्यवस्था यांची गरज नाही. पंचवीस माणसांचा गट येणार असेल, तर तो फोन करतो आणि आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवतो. जैन जेवणाची ओळ मात्र तेव्हाच लिहावी, जेव्हा त्यासाठीची भांडी वेगळी असतील आणि स्वयंपाक करणाऱ्याला नियम ठाऊक असतील. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून एखाद्या आजीने घरून डबा आणलेला नसतो.

एवढे ठरले की वडील आणि मुलगा यांच्यातला वाद बराच मिटतो. वडिलांना हवा असलेला काटकसरीचा हिशेब जमतो, मुलाला हवी असलेली नवी वाट उघडते. हंगाम संपल्यावर, पावसाच्या निवांत दिवसांत हे काम हाती घ्यावे. डोमेनची पावती वीजबिल आणि परवान्यांच्या फाइलमध्ये लावावी, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. आणि दर बदलला की फलकावरचा खडू खाली ठेवण्यापूर्वी पानावरचा आकडाही बदलावा.