सणाआधीचं न्हाणं

ज्यू धर्मात सणाची तयारी जशी स्वयंपाकघरात होते, तशी ती अंगावरही होते. केस कापणं, दाढी नीट करणं, नखं काढणं, न्हाणं, धुतलेले कपडे घालणं, ही सगळी कामं सूर्य मावळून सण लागण्याआधी उरकायची असतात. यामागचा विचार हिल्लेल या आद्य धर्मगुरूच्या एका गोष्टीत स्पष्ट होतो. हिल्लेल न्हाणीघराकडे निघाला होता. कुठे निघालात, असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा धर्मकार्याला चाललो आहे, असं त्याने सांगितलं. अंघोळ हे धर्मकार्य कसं, हे शिष्यांना कळेना. राजाचे पुतळे घासूनपुसून लख्ख ठेवायला माणूस नेमलेला असतो. मग जो देवाच्या प्रतिमेत घडला त्याने आपलं शरीर स्वच्छ ठेवायला नको का, हे त्याचं उत्तर. देह म्हणजे केवळ ओझं नव्हे, ही भूमिका त्या उत्तरात आहे आणि सणाआधीच्या साऱ्या प्रथा तिच्यावरच उभ्या आहेत.

मुलग्याच्या आयुष्यात हा धागा तिसऱ्या वर्षी सुरू होतो. अनेक घरांत तोवर त्याच्या केसांना कात्री लावत नाहीत. लावलेल्या झाडाची फळं पहिली तीन वर्षं खायची नाहीत, हा तोराह या मूळ धर्मग्रंथातला नियम या प्रथेशी जोडला जातो. पेसाख या सणानंतर मोजल्या जाणाऱ्या ओमेरच्या दिवसांपैकी तेहतिसाव्या दिवशी, म्हणजे लाग बाओमेरला, उत्तर इस्रायलमधल्या मेरोन इथे रब्बी शिमोन बार योखाय यांच्या समाधीपाशी तीन वर्षांची मुलं वडिलांच्या खांद्यावर बसून येतात. सोळाव्या शतकात सफेद गावचे गूढवादी, कबालापंथी गुरू इसहाक लूरिया यांनी आपल्या लहान मुलाचे केस तिथेच कापल्याची नोंद त्यांच्या शिष्याने केली आहे. आजी-आजोबा, काका, घरी येणारे-जाणारे असे सगळे एकेक बट कापतात. कानांजवळचे केस मात्र तसेच ठेवतात. डोक्याच्या कडा सरसकट कापू नयेत आणि दाढीच्या कडा नष्ट करू नयेत, असा लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातला आदेश आहे. मूल तो शब्दांत शिकण्याआधी आरशात पाहतं.

दाढी येऊ लागली की त्याच आदेशाचा दुसरा भाग लागू होतो. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाने त्याचा अर्थ नेमका केला: दोष वस्तऱ्याचा आहे. कात्रीने दाढी कातरायला हरकत नाही. विजेवर चालणारं दाढीचं यंत्र आलं तेव्हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. दोन पात्यांमध्ये केस कापला जात असेल तर ती कात्रीच, असं म्हणून अनेक धर्मगुरूंनी ते चालवून घेतलं. काहींनी साफ नाकारलं. त्यामुळे काही घरांत शुक्रवारी दुपारी यंत्राची घरघर ऐकू येते, तर काही घरांत दाढीला कधीच हात लागत नाही.

सण वर्षातून एकदा येतो, पण शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, दर आठवड्याला येतो आणि तयारीची सवय तिथेच लागते. एझ्रा या प्राचीन शास्त्र्याच्या नावावर असलेल्या दहा नियमांपैकी एक शब्बाथच्या मानासाठी गुरुवारी कपडे धुण्याचा आहे. तालमूद सांगतो की शब्बाथच्या आदल्या दिवशी रब्बी यहूदा बार इलाई यांच्यापुढे गरम पाण्याचं पात्र आणत. तोंड, हात, पाय धुऊन ते गोंड्यांची तागाची वस्त्रं पांघरून बसत, तेव्हा एखाद्या देवदूतासारखे दिसत. नखांचेही नियम आहेत. ती शुक्रवारी काढावीत आणि लागोपाठच्या बोटांची काढू नयेत, अशी रूढी आहे. काढलेली नखं इकडेतिकडे टाकायची नाहीत, कारण गरोदर बाईचा पाय त्यांवर पडेल, अशी जुनी धास्ती. ती जाळावीत किंवा पुरावीत.

या साऱ्यातली सर्वांत धीट कल्पना नववर्षाची, रोश हशानाची आहे. तो न्यायाचा दिवस. त्या दिवशी माणसाच्या येत्या वर्षाचा निवाडा होतो, अशी श्रद्धा आहे. ज्याच्यावर खटला चालू आहे तो माणूस एरवी काळे कपडे घालतो, दाढी वाढवतो, नखं तशीच ठेवतो. निकाल काय लागेल हे त्याला माहीत नसतं. इस्राएलचे लोक मात्र त्या दिवशी पांढरे कपडे घालतात, दाढी नीट करतात, नखं काढतात, खातात-पितात, असं एका मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या विवरणात, म्हटलं आहे. देव आपल्या बाजूने निकाल देईल, हा त्यामागचा विश्वास. इथे साजशृंगाराला जो अर्थ मिळतो तो फार मोठा आहे. मग दहाव्या दिवशी योम किप्पूर येतो. त्या दिवशी खाणं-पिणं, न्हाणं, तेल लावणं, चामड्याची पायताणं घालणं, सारं वर्ज्य. म्हणून न्हाणं आदल्या दिवशी होतं आणि कित्येक पुरुष तेव्हा मिक्वे या धार्मिक न्हाणकुंडाच्या पाण्यात बुडी मारून येतात.

सुक्कोत आणि पेसाख या सणांचे मधले दिवस अर्धे सणाचे, अर्धे कामाचे. त्या दिवसांत केस कापणं आणि कपडे धुणं मना आहे. कारण वाचलं की ही मनाई उलट्या बाजूने काम करते हे ध्यानात येतं. सणात केस कापायची सोय ठेवली तर माणूस आधी कापणार नाही आणि गबाळाच सणात शिरेल. म्हणून सवलत काढून घेतली. ज्याला आधी कापता आलेच नाहीत, म्हणजे समुद्रापलीकडून आलेला, कैदेतून सुटलेला, तुरुंगातून बाहेर पडलेला, त्याला परवानगी आहे, कारण त्याची अडचण सगळ्यांना दिसते. ज्याच्याकडे एकच सदरा आहे त्यालाही तो धुता येतो. वरच्या वस्त्रावर कमरपट्टा बांधून तो धुवायला उभा राहिला की दुसरा सदरा नाही हे बघणाऱ्याला कळतं. गरिबाला इथे सबब सांगत बसावं लागत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतले रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी याच तर्काने पुढे जाऊन सांगितलं की रोज दाढी करणारा माणूस सणाआधी करूनच आलेला असतो, तेव्हा त्याला मधल्या दिवसांतही करू द्यावी.

पेसाखच्या आदल्या दिवशी केस कापायचे ते दुपार होण्याआधी, कारण मध्यान्हीनंतर वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाखच्या, बळीची वेळ लागे. पेसाखनंतर ओमेरचे ४९ दिवस मोजतात. रब्बी अकिवांच्या २४,००० शिष्यांच्या मृत्यूचा शोक म्हणून त्यातले बरेच दिवस केस कापत नाहीत. अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपच्या परंपरेचे ज्यू, तेहतिसाव्या दिवशी मोकळे होतात, तर सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या परंपरेचे, चौतिसाव्या. पुढे तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात. अश्केनाझी ते तिन्ही आठवडे पाळतात, सेफार्दी बहुतेक ठिकाणी फक्त शेवटचा. ज्यू माणसाचं डोकं पाहून वर्षातला कोणता काळ चालू आहे, याचा अंदाज बांधता येतो.

स्त्रियांसाठी सुक्कोत आणि पेसाखच्या मधल्या दिवसांत बंधन सैल आहे. त्यांनी नटावं, असं मिश्ना सांगते. रब्बी यहूदांनी एकच हरकत घेतली, चुन्याच्या लेपाची. अंगावरचे केस काढण्यासाठी तो लावत, आणि लेप असेपर्यंत बाई विद्रूप दिसते, हे त्यांचं म्हणणं. तो सणातच उतरणार असेल तर त्यांचीही ना नव्हती. रब्बी हिस्दांची पत्नी सुनेदेखत नटत असे. हे तरुण बायकांसाठी असतं, असं जवळ बसलेल्या एका विद्वानाने म्हणताच हिस्दा म्हणाले की तुझ्या आईलाही, तुझ्या आजीलाही आणि थडग्याच्या काठावर उभ्या असलेल्या बाईलाही हे लागू आहे. नटण्याचा आनंद वय झालं म्हणून काढून घेता येत नाही, हे इतक्या ठामपणे सांगितलेलं फार कमी ठिकाणी वाचायला मिळतं.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने हे सण मराठी नावांनी जपले. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. दारफाळणीला आदल्या दिवशी न्हाऊन, पांढरे कपडे घालून, घराची दारं लावून लोक उपास करत. सणासारखीच लग्नाची तयारीही अंगावर दिसते: लग्नाआधी नवरा-नवरीच्या हातांवर मेंदी लागते, आणि इस्रायलमध्ये गेलेल्या कुटुंबांतही ती रीत टिकून आहे.

मृत्यू घरात आला की केस पुन्हा बोलू लागतात. जवळचं माणूस गेल्यावर तीस दिवस केस कापत नाहीत. पण सात दिवसांचा शोक संपल्यावर वाटेत पेसाख, शावुओत किंवा सुक्कोत आला तर उरलेले दिवस रद्द होतात आणि सणाच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाता येतं. समाजाच्या आनंदापुढे एकट्याचा शोक मागे सरतो. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र सणालाही तेवढा अधिकार नाही. तिथे केस वाढतच राहतात. किती दिवस, तर मित्र टोकेपर्यंत: केस फार वाढलेत, आता कापून ये. काही ठिकाणी यासाठी तीन महिन्यांचा काळ धरतात. कोणीतरी टोकलं की मुलगा कात्रीखाली बसतो आणि पुढच्या सणाच्या तयारीला लागतो.